जुनं लोखंड, नवे दात

१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गज चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आलं आणि तंजावर जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या पट्टुकोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडू या पट्ट्यातल्या नारळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. आमची बागही त्यात गेली. आम्ही तंजावरचे मराठी. राहतं घर शहरात, शेती ओरत्तनाडूकडं, जिथं दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या प्रेयसीच्या, मुक्तांबेच्या, नावानं अन्नछत्र उभारलं त्या परिसरात. घरात मराठी आणि बांधावर तमिळ, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

पडलेली नारळीची झाडं बागेत तशीच ठेवता येत नाहीत. कुजणाऱ्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि त्यातून निघालेले भुंगे उभ्या झाडांचे कोंब पोखरतात. म्हणजे वाचलेली झाडं वाचवायची तर पडलेली लवकर उचलायला हवीत. राज्य सरकारनं झाडामागं ११०० रुपये जाहीर केले होते: ६०० झाडाचे आणि ५०० तोडून हलवण्याचे. पण पैसे असले तरी माणसं आणि मशीन मिळेनात, कारण सगळ्या तालुक्यालाच एका वेळी लाकूडतोडे हवे होते. माझा थोरला भाऊ, अण्णा, म्हणाला, "दुसऱ्याच्या मशीनची वाट बघत बसलो तर पुढचा पावसाळा येईल. आपलंच काहीतरी घेऊ." तिथून आमचं हे काम सुरू झालं. नारळी हटल्यावर शेजाऱ्यांच्या बागा साफ केल्या, मग सुरूच्या झाडांची तोड, बांधावरचे साग, परसातले फणस असं ते वाढत गेलं. या सगळ्या काळात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आला: नवं घ्यावं की जुनं? आता माझं त्यावर एक ठाम मत झालंय. ते कसं झालं ते सांगतो.

पहिली खरेदी चेनसॉची होती. बाजारात नव्या मशीनचेच दोन प्रकार दिसले. एक साधी, ५८ सीसीची, दहा हजारांच्या आत मिळणारी. दुसरी जर्मन किंवा स्वीडिश नावाजलेल्या बनावटीची, तिप्पट-चौपट किमतीची. त्यामुळे नवं की जुनं या प्रश्नाला लगेच तिसरा फाटा फुटला: स्वस्तातलं नवं, की त्याच्या आसपासच्या पैशांत चांगल्या बनावटीचं वापरलेलं?

हे ठरवताना नारळीचं लाकूड डोळ्यांसमोर ठेवावं लागतं. साग किंवा फणसाचा गाभा टणक असतो, नारळीचं उलटं. तिची बाहेरची कड घनमीटरला ६०० किलोच्या वर भरते, तर आतला भाग ४०० च्या खाली, जवळजवळ भुसभुशीत. तोड सुरू होते ती त्या कठीण कडेवरच. चेनचे दात फार लवकर बोथट होतात, मशीनला जोर लावावा लागतो आणि इंजिन तापतं. दिवसभर अशा खोडांवर चालणाऱ्या मशीनला तेल नीट पोचलं पाहिजे, हवा गाळणारा फिल्टर धड हवा आणि सुटा भाग पट्टुकोट्टैत मिळायला हवा. स्वस्त मशीन अधूनमधून फांद्या छाटायला ठीक आहे. रोजच्या धंद्याला ते पुरत नाही, असं आम्हाला तिथल्या मेकॅनिकनं स्वच्छ सांगितलं.

वादळानंतर थोड्याच महिन्यांत आमच्या भागात वापरलेली मशीनं भरपूर विकायला निघाली. लोकांनी गरजेपोटी घेतली होती आणि गरज संपली होती. काही जवळजवळ कोरी होती, काहींचे हाल झालेले होते, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसायची, कारण विकण्याआधी सगळेच धुऊन-पुसून ठेवतात. त्या मेकॅनिकनं मला सोबत नेऊन तपासणी शिकवली.

विकणाऱ्याच्या घरी पोचताच त्यानं सिलिंडरच्या बाजूला तळहात धरला. "गरम आहे, तंबी," तो हळूच म्हणाला. आपण येण्याआधी मशीन चालवून ठेवलं की थंड असताना सुरू न होण्याचा दोष झाकला जातो. आम्ही चहा घेत ते पूर्ण निवू दिलं. मग त्यानं स्टार्टरची दोरी सावकाश ओढली. चांगल्या इंजिनात दोरी प्रत्येक फेऱ्याला अडते आणि हाताला दाब जाणवतो. ती सैल सरकत आली तर कॉम्प्रेशन गेलेलं असतं. त्यानंतर त्यानं सायलेन्सरचे स्क्रू काढले, तो बाजूला ठेवला आणि भोकातून टॉर्च मारून मला पिस्टन दाखवला. पिस्टनची बाजू गुळगुळीत आणि एकसारखी करडी होती. उभे ओरखडे असते तर कोणीतरी कमी ऑइलवर ते चालवलंय असं समजायचं. ही टू-स्ट्रोक इंजिनं पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलवरच जगतात. चांगल्या ऑइलचं प्रमाण लिटरला २० मिली, साध्या मशीनना बहुधा ४० मिली. मजुराच्या हाती मशीन देऊन मालक घरी बसला की हे माप पहिल्यांदा चुकतं. ओरखडलेलं इंजिन म्हणजे नवा सिलिंडर आणि पिस्टन, आणि तेवढ्यात जुन्याचा सगळा फायदा संपतो.

मग मशीन सुरू करून त्यानं बारचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर, न टेकवता धरलं आणि रेस दिली. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली, म्हणजे चेनला तेल देणारा पंप चालू होता. रेस सोडल्यावर चेन थांबते का, ते पाहिलं. शेवटी पूर्ण रेसवर पुढची ढाल मनगटानं पुढं ढकलली. चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. सेकंदाला वीस मीटरच्या आसपास वेगानं धावणारी चेन आणि माणसाचा चेहरा यांच्यामध्ये तेवढा एक ब्रेक असतो. बारच्या टोकाचा वरचा भाग कशालाही लागला की मशीन उसळून अंगावर येतं, आणि आडव्यातिडव्या पडलेल्या खोडांत टोक कुठं लागेल याचा नेम नसतो.

ते मशीन आम्ही घेतलं. पण घरी आणल्याबरोबर चेन, बार आणि चेन फिरवणारं स्प्रॉकेट नवं टाकलं, आणि ब्रेकची पट्टी बदलून घेतली. जुन्या बारच्या कडा पसरलेल्या होत्या. अशा बारवर नवी चेनही तिरकी कापते. स्प्रॉकेटवर अर्धा मिलिमीटर खोल खाच पडली की ते नव्या चेनला खातं. चेनच्या मापाची गोल कानस, आमच्या ३/८ च्या चेनला ५.२ मिलिमीटरची, खिशातच असते. नारळीवर काम असेल तर पेट्रोलच्या प्रत्येक टाकीनंतर दात घासायचे, हा आमच्याकडं नियमच आहे.

तेव्हापासून प्रत्येक खरेदीला मी हीच फोड करतो. जे झिजल्याचं डोळ्यांना दिसतं आणि गावात दुरुस्त होतं, ते जुनं घ्यावं. जे कापतं, जे थांबवतं आणि ज्यावर वजन लटकतं, ते नवंच घ्यावं.

ओंडके ओढायला ट्रॅक्टर हवा होता. तो आम्ही जुना घेतला आणि त्याबद्दल मी आजही समाधानी आहे. ट्रॅक्टर लपवाछपवी करू शकत नाही. इंजिन चालू असताना ब्रीदरमधून धूर येतो का पाहावा. मागं वजन उचलून इंजिन बंद करावं आणि हायड्रॉलिक किती वेळ तोलून धरतं ते बघावं. मागं जोडलेलं यंत्र फिरवणाऱ्या पीटीओच्या शाफ्टचा खेळ हातानं कळतो. मीटरवर तास कमी आणि क्लचचं पेडल मात्र घासून गुळगुळीत, तर पेडलवर विश्वास ठेवावा. कागद मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावेत: इंजिन आणि चॅसीचा नंबर आरसी बुकाशी जुळतो का, बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म ३५ आहे का, आणि नावावर करायचे फॉर्म २९ व ३० विकणाऱ्यानं सही करून दिलेत का. बोजा न उतरलेला ट्रॅक्टर कितीही स्वस्त असला तरी तो बँकेचाच असतो.

ओंडके ट्रॉलीत चढवायची चेनपुली जुनी मिळत होती. तिच्या हुकाचं तोंड थोडं उघडलेलं दिसलं, म्हणून ती सोडून नवी घेतली. वायर रोपही नवाच. जुन्या रोपवरून जाड हातमोजा घालून फडकं फिरवलं की तुटलेल्या तारा त्यात अडकतात. एकदा का फडकं अडकायला लागलं, की तो रोप कुंपणाला वापरावा, माणसं उभी असताना ओंडक्याला लावू नये.

हेल्मेट, चेहऱ्यासमोरची जाळी, कानांची बुचं, बूट आणि चेन अडवणारी पँट हे तर नवंच हवं. आमच्याकडचे जाणते लाकूडतोडे लुंगी खोचून अनवाणी काम करतात. त्यांचा हात माझ्याहून शंभरपट तयार आहे. पण वादळात पडलेलं झाड हे उभं झाड तोडण्यापेक्षा वेगळं असतं. खोड दुसऱ्या खोडावर ताणलेलं असतं, आणि मुळांसकट उन्मळलेलं झाड कापलं की मुळांचा गड्डा एकदम मागं, खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्याच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही. आमच्याबरोबरच्या पेरियवरांना, म्हणजे वयानं मोठ्या लाकूडतोड्यांना, पँट आणि बूट घालायला राजी करायला वेळ लागला. आता ते स्वतः नव्या पोरांना आधी पाय दाखवायला लावतात.

एक जुनी वस्तू मोहात पाडणारी होती: बंद पडलेल्या गिरणीचा बँडसॉ, लोखंडाच्या भावात. वादळात पडलेले फणस हाताशी होते आणि तंजावरच्या वीणा फणसाच्याच लाकडाच्या. अखंड लाकडातून कोरलेल्या एकांड वीणेला सरळ धाग्याचा, न तडकलेला ओंडका लागतो, आणि योग्य जागी चिरला तरच त्याला कारागिरांकडून मोल येतं. पण गिरणी ही नुसती मशीन नसते. नीलगिरीतल्या गूडलूरच्या जंगलांवरून उभ्या राहिलेल्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १२ डिसेंबर १९९६ ला दिलेल्या आदेशापासून लाकडाच्या गिरण्यांवर देशभर कडक नियंत्रण आलं, आणि परवान्याशिवाय गिरणी चालवता येत नाही. बँडसॉ स्वस्तात मिळाला म्हणून परवाना मिळत नाही. आम्ही तो सोडला आणि फणस परवाना असलेल्या गिरणीत मजुरी देऊन चिरून घेतले. काही यंत्रांच्या बाबतीत भाड्यानं घेणं हाच तिसरा आणि शहाणा पर्याय असतो. तमिळनाडूचं कृषी अभियांत्रिकी खातंसुद्धा मोठी यंत्रं तासावर भाड्यानं देतं.

नव्याची बाजूही सांगितली पाहिजे. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात २०१४-१५ पासून यादीतल्या यंत्रांवर ४० ते ५० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं, ते नव्यावरच. लहान आणि अल्पभूधारक शेतकरी, अनुसूचित जाती-जमातीचे आणि महिला शेतकरी यांना दर जास्त. ज्या यंत्रावर ते मिळतंय ते जुनं घेण्यात काही अर्थ नाही. आणि ज्याच्या गावापासून मेकॅनिक लांब आहे, त्यानंही चेनसॉ नवीच, वॉरंटीसकट घ्यावी. आम्हाला जुनं परवडलं, कारण तपासणारा जाणता हात पट्टुकोट्टैत होता. तो हात किमतीत धरला नाही तर हिशेब खोटा ठरतो.

२०२१-२२ मध्ये तमिळनाडू सरकारनं शेतजमिनीत हिरवळ वाढवण्याच्या योजनेत शेतकऱ्यांना साग, महोगनीसारखी रोपं मोफत द्यायला सुरुवात केली. आमच्या बांधावरही ती उभी राहिलीत. दहा-पंधरा वर्षांनी गावोगाव लहान लहान तोड सुरू होईल आणि शेकडो घरं हाच प्रश्न विचारतील. तेव्हा प्रत्येकानं वेगळा ट्रॅक्टर आणि वेगळी चेनसॉ घेण्याची गरज नाही. चार-पाच घरांनी मिळून लोखंड जुनं घ्यावं, नीट पारखून घ्यावं, आणि त्यातून वाचलेला पैसा चेन, ब्रेक, रोप आणि हेल्मेट यांवर हात न आखडता खर्च करावा. लाकडाचा भाव वर्षागणिक खाली-वर होतो आणि त्यातलं नुकसान पुढच्या तोडीत भरून निघतं. तोडणाऱ्याचा हात किंवा पाय गेला तर तो कोणत्याच तोडीत भरून निघत नाही.