उतरणीचे इंधन

पूर्वेकडून मुंबईला येणारे विमान जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांवर पोहोचते तेव्हा प्रवास संपत आलेला असतो. मात्र त्यात किती इंधन वाया जाणार, हे बरेचसे याच टप्प्यात आणि वैमानिकाइतकेच हवाई वाहतूक नियंत्रकाच्या हातून ठरते. हजार फूट खाली येताना सुमारे तीन नॉटिकल मैल पुढे सरकायचे, या बेताने जेट विमान इंजिने किमान जोरावर ठेवून उतरू शकते. म्हणजेच 36 हजार फुटांवरील विमानाने अहिल्यानगरच्या आसपास उंची सोडायला लागावे आणि जुन्नरवर ते 15 ते 20 हजार फुटांवर असावे. ही सलग उतरण तोडून त्याला मधल्याच पातळीवर सरळ उडायला लावले, तर खालच्या दाट हवेत इंजिनांना पुन्हा जोर लावावा लागतो; टोमॅटो भरून माळशेज उतरणारा ट्रक वळणावळणावर थांबवण्यासारखाच हा प्रकार.

नियंत्रकाला हे ठाऊक नसते असे नाही. त्याच्या पडद्यावर ठिपक्याशेजारी उड्डाणाचे नाव, वेग आणि शेकडा फुटांत उंची उमटते (‘180’ म्हणजे 18 हजार). पण मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दी झाली की विमाने घिरट्या घालत राहतात. फेब्रुवारी 2024 मध्ये नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाने, ताशी सरासरी 2,000 किलो इंधन धरून, 40 मिनिटांच्या घिरट्यांत सुमारे 1.7 किलोलिटर इंधन जाते असे सांगितले आणि गर्दीच्या वेळी ताशी 46 ऐवजी 44 च उड्डाणे-अवतरणे ठेवण्यास फर्मावले. कपात किरकोळ दिसते, परंतु भरलेल्या रांगेत एकाचा उशीर मागच्या सर्वांना भोवतो, हे पाहता ती रास्तच होती.

कसबी नियंत्रक रांग धावपट्टीपाशी नव्हे, दूरवरच लावतो. ताशी 800 किलोमीटरने येणाऱ्या विमानाला 400 किलोमीटर आधी 750 वर आणले, तर दोन मिनिटे वाटेतच जिरतात आणि घिरट्यांचे 65 किलोंहून अधिक इंधन वाचते. न घडलेल्या घिरट्यांची नोंद कुठेच होत नसल्याने या बचतीचे श्रेय मात्र कोणाच्याच खात्यावर जमा होत नाही. अर्थात, दोन विमानांमधील सुरक्षित अंतर, हरिश्चंद्रगडासारखी 1,424 मीटरची शिखरे आणि पावसाळी ढग यांपुढे इंधनाचा विचार नेहमीच दुय्यम ठरतो. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही उड्डाणे सुरू झाल्याने पूर्वेकडून येणाऱ्या विमानांची आता दोन विमानतळांसाठी विभागणी करावी लागते, त्यामुळे वेगाची सूचना आणखी पूर्वेला, उंची सोडण्याआधीच द्यावी लागणे ओघानेच आले.