संत्र्याची साल

20 डिसेंबर
ताईचा फोन. 31 ला तिघंही येताहेत, वडशाहून गाडीनं. भाऊजी हळूच म्हणाले, यंदा काहीतरी चांगलं कर. कुरखेड्यात त्यांना जमत नाही. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी.
संत्रं आणि व्हिस्की. ठरलं. आईला सांगितलेलं नाही.

21 डिसेंबर
गोरेलाल चौकातून संत्री. आंबिया बहार संपत आलाय, फळं लहान. मृगाची यायला फेब्रुवारी उजाडेल. व्हिस्कीही आणली, दुकानात एक दिवसाचा परवाना फाडून.

22 डिसेंबर
नागपुरी संत्र्याची साल सैल. सोलणीनं पापुद्रा निघेना, अख्खी सालच हातात येते. चमच्यानं आतला पांढरा भाग खरवडत बसलो. तो राहिला की कडू होतं. चार फळांच्या साली, अर्धी बाटली, लोणच्याची जुनी बरणी. तीनदा धुतली, तरी हिंगाचा भास होतो.
बरणी पुस्तकांमागे.

23 डिसेंबर
"लोणच्याची बरणी कुठं गेली?"

रात्री. सांगून टाकलं. आई भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या मामाचं माहीत हाये न तुला."
माहीत आहे. अर्धवट. मामांच्या आवारात मोहाची दोन झाडं. मार्चात पहाटे फुलं गळायची, आम्ही पोरं टोपल्या भरायचो. वाळली की मनुकांसारखी लागायची. तीच भिजवून, आंबवून, चुलीवर दारू उतरवायचे. मामा गेल्यावर झाडं तोडा म्हणणारे आले. मामीनं तोडू दिली नाहीत.

24 डिसेंबर
बेत रद्द करावा का?

25 डिसेंबर
जास्त दिवस साली ठेवल्या तर कडवटपणा उतरेल. आज गाळली. मलमलचं फडकं आईनं दिलं. न मागता.

27 डिसेंबर
पाक बिघडला. तार आली, थंडीत वाटीत घट्ट बसला. आई आली. "काहून एवढा आटवला? साखर विरघळली की उतरवायचा." दुसरा तिनंच केला, आलं ठेचून टाकलं, चमच्यानं चाखला. "लिंबू लागेल याला."
व्हिस्कीची बरणी तिच्यापासून हातभर लांब. एकदाही बघितलं नाही तिकडे.

29 डिसेंबर
60 मिली व्हिस्की, 30 संत्र्याचा रस, 15 लिंबू, 15 पाक. गोड झालं. पाक 10 वर आणला. आता बरोबर. बर्फ घालून डब्यात हलवायचं, पण स्टीलचा डबा गळतो.

31 डिसेंबर
भाचा 22 चा. कायद्यानं 25 लागतात. तोंड पाडून बसला. आईनं दोन ग्लास वेगळे भरले: रस, लिंबू, आल्याचा पाक, सोडा. एक त्याला, एक स्वतःला.
भाऊजींनी घोट घेतला, डोळे मिटले. दुसरा मागितला. तिसरा नाही. मी मोजत होतो. आईही.
बारानंतर मामांचा विषय निघाला. आईनंच काढला. मामा मंडईला दंडारीत बाईचं काम करायचे. मला ठाऊकच नव्हतं. आई उठली, पदर खोचला, त्यांची चाल करून दाखवली. ताई हसता हसता रडली.

1 जानेवारी
ताईला स्टेशनवर सोडलं. येताना काही बोलावंसं वाटेना.

2 जानेवारी
बरणीत चार बोटं उरलीय. बाहेरून रबर बसवलाय, बरोबर पातळीवर. मी नाही बसवलेला.
तसाच राहू दिला.