फॉर्मवर ४१, काट्यावर ४४.८

"डॉक्टर, पोराला कुस्तीला किंवा ज्युदोला घालू का?" शाळा सुरू झाल्या की हा प्रश्न ओपीडीत हमखास येतो. विचारणारे आई किंवा वडील उठता उठता, थोडं लाजत दुसराही प्रश्न विचारतात, "आणि मी? या वयात जमेल?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरं मी आजवर तोंडीच देत आलो. आज सविस्तर लिहितो आहे, कारण मुलांविषयीच्या उत्तरात माझी स्वतःची एक चूक आहे. ती सांगितल्याशिवाय ते उत्तर पूर्ण होत नाही.

आधी मोठ्यांचं बघू. मी स्वतः ५१व्या वर्षी ज्युदो सुरू केला. त्याच्या आदल्या वर्षी माझी आई मोरीत पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं, तरी ती पूर्वीसारखी चालली नाही आणि आठ महिन्यांनी गेली. म्हातारपणी पडणं किती महागात जातं, हे मी वर्षानुवर्षं पेशंटच्या नातेवाइकांना सांगत होतो. घरात घडलं तेव्हा ते नीट कळलं. पुढे एकदा भाचीला ज्युदोच्या क्लासला सोडायला गेलो होतो. दहा-बारा मुलं ओळीने मागच्या मागे पडत होती, मॅटवर हाताची थाप मारत होती आणि हसत उठत होती. मी अर्धा तास दारातच उभा राहिलो. पुढच्या आठवड्यात नाव घातलं.

पहिला दीड महिना आम्हाला पडण्याखेरीज काहीही शिकवलं नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत ज्युदोची शाळा काढली, तेव्हापासून सुरुवात पडण्यापासूनच होते. जपानीत त्याला उकेमी म्हणतात. मागे पडताना हनुवटी छातीला लावायची आणि नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ गोल करायची. श्वास सोडायचा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे हात टेकवायचा नाही. घसरलेला माणूस आपोआप तळहात पुढे करतो आणि सगळा भार मनगटावर येतो. पन्नाशीनंतरच्या बायकांची मनगटं बहुतेक अशीच मोडतात. इथे अख्खा हात, कोपरापासून बोटांपर्यंत, एकाच वेळी मॅटवर आपटायला शिकवतात. त्यामुळे धक्का मोठ्या भागावर वाटला जातो.

ज्युदो शिकलेल्याचा खुबा मोडत नाही, असा दावा मी करणार नाही. पण तोल आणि मांड्यांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने पडण्याचं प्रमाण कमी होतं, हे पक्कं आहे. आणि एका तासात तीस वेळा जमिनीवरून उठावं लागतं, हा व्यायाम लहान नाही. आज रात्री घरी करून बघा. जमिनीवर मांडी घालून बसा आणि कशालाही हात न लावता उठा. पंचेचाळिशीतल्या कितीतरी पेशंटना ते जमत नाही.

दुसरी शिकवण हार मानण्याची. सांधा पिरगाळला जातोय किंवा गळा आवळला जातोय असं वाटलं की समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थाप मारायची. समोरचा त्या क्षणी सोडतो. यात लाज नाही. क्लासमध्ये दिवसातून दहा वेळा सगळेच मारतात. मी तिसऱ्या महिन्यात एका कॉलेजच्या मुलापुढे मारली नाही. वाटलं, निघेल हात. हात निघाला, पण कोपराचा अस्थिबंध ताणून. पुढचे तीन महिने ब्लडप्रेशर बघताना मी फुगा डाव्या हाताने दाबत होतो. पेशंट विचारायचे, मी म्हणायचो, "जिन्यावरून पडलो." आमच्या प्रशिक्षक सव्वीस वर्षांच्या आहेत. त्या एवढंच म्हणाल्या, "काका, थाप वेळेवर मारणं हापण एक डावच आहे."

तर वयाचं उत्तर असं : चाळीस-पन्नाशीतही सुरू करता येतं, पण आधी तपासणी करून. ब्लडप्रेशर आटोक्यात नसेल, तर ते आधी आणा, कारण कुस्तीत माणूस श्वास रोखून जोर लावतो आणि तेवढ्या वेळात प्रेशर खूप वर जातं. चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब येत असेल, तर आधी हृदयाची तपासणी. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या आल्या असतील, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल, तर झटापटीचा खेळ नको. अशांसाठी वेगानं आणि जमिनीवर न पडता करायचे व्यायाम पुष्कळ आहेत. बाकीच्यांनी पहिले सहा महिने तरणी मुलं जोडीदार म्हणून घेऊ नयेत. हे मी कोपराच्या अनुभवावरून सांगतो.

कातडीचं थोडक्यात. मॅट असो की तांबडी माती, अंगाला अंग घासलं की नायटा पसरतो. मेडिकलमधून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावू नका. आठ दिवस बरं वाटतं आणि मग तो हट्टी होऊन बसतो. सराव झाल्याबरोबर आंघोळ, स्वतःचा टॉवेल, कापलेली नखं, आणि चट्टा दिसला तर बरा होईपर्यंत सराव बंद. कान सुजून मऊ लागला, तर त्यात रक्त साठलेलं असतं. दोन-तीन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन काढून घ्या. मोडलेला कान ही पैलवानाची खूण असल्याने काहींना ते साठलेलं हवंच असतं! त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

आता मुलं. मुलांना या खेळांनी फायदा होतो, मी बघतो आहे. मोबाइलपासून दोन तास सुटका, भूक, झोप, आणि दुसऱ्याच्या अंगाला हात लावताना कुठे थांबायचं याची समज. धोके दोन मोठे. पहिला डोक्याचा. जपानच्या शाळांमध्ये १९८३ ते २०११ या काळात ज्युदो खेळताना शंभराहून अधिक मुलं दगावली. पुष्कळांच्या मेंदूला इजा झाली होती, आणि त्यांत नवशिके बरेच होते. जोरात मागे फेकल्यावर डोकं जमिनीवर न आपटताही नुसत्या झटक्याने मेंदूवरच्या शिरा फाटू शकतात. म्हणून क्लास बघायला जाल, तेव्हा नव्या मुलांना पडायला किती दिवस शिकवतात हे विचारा. आणि डोक्याला मार लागून मूल गोंधळलं, उलटी झाली किंवा डोकं दुखू लागलं, तर त्या दिवशी खेळ संपला. दवाखान्यात आणा.

दुसरा धोका वजनाचा. माझी चूक इथली.

तीन वर्षांपूर्वी बुधवारी सकाळी, गर्दीच्या वेळी, एक ओळखीचे वडील तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा तालमीत जायचा. स्पर्धेसाठी फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं. मी छाती तपासली, नाडी बघितली, सिस्टरनी वजन केलं. मी ते लिहिलं आणि खाली सही-शिक्का मारला. दोन मिनिटांचं काम.

शनिवारी रात्री साडेनऊला त्याच मुलाला उचलून आणलं. पोटऱ्यांना गोळे आले होते, डोळे खोल गेले होते, जीभ कोरडी ठणठणीत. नाडी १३०. उभं केलं तर डोळ्यांपुढे अंधारी यायची. दुपारपासून लघवी झाली नव्हती आणि त्याआधीची कोऱ्या चहासारखी. बुधवारपासून तो दिवसाला दोन केळ्यांवर होता. शुक्रवार रात्रीपासून पाणी बंद. दोन ट्रॅकसूट आणि वर रेनकोट घालून उन्हात पळाला होता. शिवाय कुणीतरी लघवीची गोळी दिली होती. ती गोळी मी हृदयाच्या आणि किडनीच्या पेशंटना देतो. खेळाडूंना तर ती उत्तेजकांच्या बंदी यादीतच आहे. पोटॅशियम २.९ आलं, क्रिएटिनिन वाढलेलं. पोटॅशियम एवढं उतरलं की हृदयाचा ठोका चुकू शकतो. त्याला ॲडमिट करून मॉनिटर लावला, सलाईन आणि पोटॅशियम सुरू केलं. रात्री दोन वाजता लघवी झाली, तेव्हा मी खुर्चीवर बसलो.

वडील स्वतः जुने पैलवान. ते म्हणत होते, "डॉक्टरसाहेब, आमच्या वेळी आम्हीपण असंच वजन काढायचो. कुणाला काय झालं नाही." मला बोलायचं होतं, तेवढ्यात त्यांनी घडी केलेला फॉर्म खिशातून काढला. माझ्याच सहीचा. वर गटाच्या रकान्यात लिहिलं होतं ४१ किलो. खाली माझ्या अक्षरात, वजन ४४.८ किलो. दोन आकड्यांमध्ये वीतभर अंतर होतं आणि मी सही केली होती.

हिशेब सोपा आहे. चार दिवसांत ३.८ किलो म्हणजे त्याच्या वजनाच्या साडेआठ टक्के. मी ७४ किलोचा आहे. माझं सव्वासहा किलो चार दिवसांत उतरवा म्हटलं तर मी काय करीन? एवढ्या दिवसांत चरबी एवढी जळतच नाही. जातं ते बहुतेक पाणी आणि स्नायूंतली साखर. रक्त आटतं, हृदय तेवढंच काम करायला जास्त धडधडतं, घाम येईनासा झाला की अंग तापतं. १९९७ मध्ये अमेरिकेत साधारण महिनाभरात तीन कॉलेज पैलवान असंच वजन उतरवताना मेले. गरम जागेत, घाम बाहेर न सोडणारे कपडे घालून व्यायाम करत होते. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत असे कपडे आणि सौना बंद झाले आणि वजन कुस्तीच्या अगदी आधी घेऊ लागले. पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगट १०० ग्रॅमसाठी फायनलला मुकली, तेव्हा त्या रात्री तिनं काय काय केलं ते आपण सगळ्यांनी वाचलं. ती मोठी होती, सोबत डॉक्टर होते, निर्णय तिचा होता. तेरा वर्षांच्या मुलाला हे कोण विचारतं? मॅटवर त्याला नको झालं तर थाप मारता येते. रेनकोट घालून पळताना थाप कुणाच्या अंगावर मारणार? वस्तादांना तो नाही म्हणत नाही, वडिलांना म्हणत नाही, आणि ज्याने थांबवायचं तो डॉक्टर सही करून पुढचा पेशंट बोलावतो.

जपानच्या ज्युदो महासंघाने २०२२ मध्ये प्राथमिक शाळेच्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. जिंकण्यापायी एवढ्या लहान मुलांचं वजन उतरवलं जातं, हेही त्यामागचं एक कारण होतं.

सोमवारी मुलाला घरी सोडताना वडिलांना मी खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. गोळेश्वरच्या खाशाबांना त्यांच्यापुढे मी काय सांगणार, त्यांच्या तालमीत फोटो आहे. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात नव्हती. १९४८ ला लंडनमध्ये खाशाबा फ्लायवेटमध्ये, म्हणजे ५२ किलोच्या गटात खेळले आणि सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ मिळवलं ते बँटमवेटमध्ये, ५७ किलोच्या. वरच्या गटात जाऊन. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोरगं अजून वाढतंय, नाही का?" तेरा ते सोळा ही उंची वाढायची वर्षं. वजन वाढणं हे त्याचं कामच आहे.

तेव्हापासून मी फिटनेसच्या फॉर्मवर गटाचा रकाना आधी वाचतो. मोकळा असेल तर सही करत नाही. वजन आणि गट यांत तफावत दिसली तर मुलाला विचारतो, पालकांना बाहेर बसवून. दोन-तीन जणांनी दुसरीकडून सही आणली, ते मला माहीत आहे. त्याला माझा इलाज नाही.

तो मुलगा आता सोळाचा आहे. परवा फॉर्म घेऊन एकटाच आला होता. काट्यावर चढायच्या आधी म्हणाला, "काका, जेवून आलोय बरं का, जरा जास्त भरेल." भरलं, आणि गटात बसलं. मागच्या स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत हरला, असं सांगत होता.

फॉर्मसाठी येणाऱ्यांनी शनिवारी सकाळी येऊ नये, गर्दी असते. मंगळवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी सहानंतर या, आणि मुलाला सोबत आणा. नुसता फॉर्म पाठवू नका.