कुंडी बदलताना

गुडघ्याचं दुखणं जरा उतरलं, म्हणून आज कलांचोची कुंडी बदलायला घेतली. फुलं नुकतीच ओसरलीत. प्लास्टिकची कुंडी उलटी करून थापटली, तर मातीपेक्षा मुळंच जास्त. कुंडीच्याच आकारात गुंडाळलेली, पांढरट. बुलढाण्यात इतकी वर्षं काढून मीही अशीच झालेय का, उगाच वाटून गेलं.

हे झाड मूळचं मादागास्करचं. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. म्हणून निम्मी जाड रेती, थोडा विटांचा चुरा. कुंडी कुंभाराकडची, भोकाची, जुनीपेक्षा दोनच बोटं मोठी. ऐसपैस कुंडीत झाड सुखावेल असं आपल्यालाच वाटतं.

मुलगा म्हणतो, पुण्याला ये. अजून काही ठरलं नाही.

झाडाला मात्र चार-पाच दिवस पाणी घालायचं नाही.