टोंग टेस्टर शून्य दाखवत होता, तरी तारेत करंट होता

आजची नोंद पिकाची नाही, पंपाची आहे. पण त्या दिवशी माझा हात थोडक्यात वाचला, म्हणून लिहून ठेवतोय.

उन्हाळ कांदा ७० दिवसांचा, ऐन फुगवणीत. आपला सौर पंप साडेसात एचपीचा. २० पॅनल, १०-१० च्या दोन माळा, दोन्ही माळा समांतर जोडून कंट्रोलरच्या बॉक्सात येतात. रोज बारा वाफे भिजायचे ते पाचवर आले. ऊन कडक, पॅनल धुतलेले, तरी धार निम्मीसुद्धा नाही. बॉक्सवर हर्ट्झ ४८ ऐवजी ३८, पण व्होल्टेज मात्र नेहमीएवढंच. कंपनीकडे तक्रार टाकून आठ दिवस झालेले, माणूस काही येईना.

मला वाटलं, एक माळ मेली असणार. घरात टोंग टेस्टर आहे, मोटारीचा लोड बघायला घेतलेला. पहिल्या माळेच्या तारेला लावला. शून्य! म्हटलं, सापडली. आता कनेक्टर उघडून बघू. ते लॉक कसं दाबायचं कळेना म्हणून आमच्या वायरमनला फोन लावला.

तो म्हणाला, "भाऊ, मीटर एसीचा का डीसीचा?"

"मोटारीचाच आहे की."

"मग हात काढा तिथून. त्याला डीसी दिसतच नाही."

पॅनलकडून येणारा करंट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा. साधा टोंग टेस्टर ट्रान्सफॉर्मरच्या तत्त्वावर चालतो, त्याला सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र लागतं. डीसीचं क्षेत्र स्थिर, म्हणून तो शून्य दाखवतो. १० पॅनलच्या माळेत साडेतीनशे व्होल्ट असतात. वाहत्या करंटवर कनेक्टर ओढला की ठिणगी पडते आणि ती विझत नाही. एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी विझायला जागा मिळते. डीसीत ती संधीच नाही.

वायरमन लग्नाला गेलेला, दोन दिवसांनी येणार होता. पोरगी दहावीला, बाजूला बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "पप्पा, डीसी आहे तर होकायंत्राने कळेल." तिच्या प्रकल्पाचं छोटं होकायंत्र होतंच. १८२० साली डेन्मार्कच्या ओरस्टेडने हेच पाहिलं होतं. तारेतून करंट सोडला की जवळची चुंबकसूची वळते.

पहिल्यांदा आम्ही ते दोन्ही तारा एकत्र जातात तिथे पाइपला टेकवलं. सुई हललीच नाही, आणि पंप तर चालू! मग लक्षात आलं, एक तार जाणारी, एक परत येणारी. करंट सारखाच पण उलट, त्यामुळे दोघींचं क्षेत्र एकमेकांना खोडतं. शिवाय पॅनलचा लोखंडी सांगाडाही सुईला ओढतो.

मग कुठलाही जोड न उघडता फक्त एक तार सांगाड्यापासून हातभर लांब घेतली. आवरण धड आहे, कुठं कुरतडलेलं नाही, हे आधी बघितलं. तार दक्षिणोत्तर ताणली आणि तिच्या खाली दोन सेंटिमीटरवर होकायंत्र धरलं. सुईचं उत्तर टोक सरळ पश्चिमेकडे वळलं, काटकोनाच्या अर्ध्यापेक्षा जास्त. जी माळ मी मेलेली समजत होतो, ती जिवंत होती!

पोरीने उजवा हात पुढे केला. तार मुठीत धरली आहे असं समजायचं, अंगठा करंटच्या दिशेला. बोटं जिकडे वळतात तिकडे क्षेत्र. अंगठा उत्तरेला केला तर तारेखाली बोटं पश्चिमेकडे जातात, तारेवर पूर्वेकडे. आमचा बॉक्स पॅनलच्या उत्तरेला, म्हणजे ही बॉक्सकडे जाणारी, प्लसची तार. दुसरी तार तशीच घेतली, सुई पूर्वेला गेली. ही परतीची. दोन्ही तारा काळ्याच, उन्हाने खुणा उडालेल्या, तरी ओळख पटली.

दुसऱ्या माळेच्या दोन्ही तारांखाली सुई जागची हलली नाही. बंद माळ ती होती.

तिसऱ्या दिवशी वायरमन आला. डीसीच्या मीटरवर पहिल्या माळेत ८ अँपिअर निघाले. दोन सेंटिमीटरवर त्याचं क्षेत्र ८० मायक्रोटेस्ला होतं. पृथ्वीचं आडवं क्षेत्र आपल्याकडे ४० च्या आसपास, म्हणून सुई एवढी वळली. त्याने संध्याकाळी पंप बंद केला, डीसीचा स्विच पाडला, मगच दुसरी माळ तपासली. सातव्या-आठव्या पॅनलमधला कनेक्टर आतून जळालेला. नवीन बसवला. सकाळी हर्ट्झ ४८, वाफे बारा. मधल्या दिवसांत ज्या वाफ्यांना ताण बसला तिथला कांदा बारीक राहिला, तो काही भरून निघणार नाही.

आता दोन गोष्टी नीट ध्यानात ठेवा.

एक, ही युक्ती फक्त पॅनल ते बॉक्स या डीसी तारांवर चालते. बॉक्सपासून मोटारीकडे जाणाऱ्या तारेवर किंवा लाईनच्या तारेवर सुई हलणार नाही, कारण तिथे दिशा सारखी उलटते. सुई हलली नाही म्हणून ती तार मेलेली समजू नका.

दोन, बंद माळेतही उन्हात साडेतीनशे व्होल्ट असतातच. करंट नाही म्हणजे धोका नाही, असं नव्हे. होकायंत्राने फक्त कुठली माळ ते शोधायचं. उघडायचं काम जाणकाराचं, तेही स्विच पाडून.

तुमच्या घरचा टोंग टेस्टर एसीचा आहे का डीसीचा, ते आज बघून ठेवा.