माळा, बरणी आणि बर्फाचा कप्पा

मार्च सरत आला की घरोघरी माळ्याची शिडी निघायची. १९७० आणि ८०च्या दशकांत महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत वाढलेल्या आम्हा सगळ्यांना ती शिडी म्हणजे परीक्षा संपत आल्याची खूण. वरून सोऱ्या, शेवयांचं यंत्र, पत्र्याचे डबे, वाळवणाला राखलेली जुनी धुवट लुगडी असं सगळं खाली यायचं, आणि पुढचे दोन महिने घर वाळवणाच्या ताब्यात.

वर्षाचं धान्य एकदाच भरायची रीत होती. ज्यांची गावाकडे शेती, त्यांची पोती एसटीच्या टपावरून यायची; बाकीचे ओळखीच्या दुकानातून भरायचे. १९७२च्या दुष्काळात रेशनचा मिलो खाल्लेल्या बायकांना तर घरात भरलेलं पोतं दिसल्याशिवाय झोप लागत नसे. गव्हाला एरंडेलाचा हात, तांदळाला बोरिक पावडर, डाळींना पुन्हा एरंडेल, आणि डब्याच्या तळाशी नि तोंडाशी कडुनिंबाचा सुका पाला. एरंडेल चोळायचं काम पोरांकडे असायचं. दोन दिवस हाताचा वास जायचा नाही, पण काम मोठ्यांचं वाटायचं म्हणून कुरकुरही नसायची.

कुरडयांचं प्रकरण मात्र पोरांच्या हाती द्यायचं नव्हतं. गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक रात्रभर निवत ठेवायचा. पहाटे वरचं पाणी ओतून खालचा घट्ट चीक उकळत्या पाण्यात शिजवायचा. तो गाठी न होऊ देता ढवळायला मनगट लागे. ऊन चढायच्या आत गच्चीवर कुरडया घालून व्हायलाच हव्यात, कारण ओलसर राहिलेल्या कुरडईला बुरशी धरते आणि एक बिघडली की डबाभर वास. दूध-साखर घालून वाटीभर गरम चीक मिळायचा, त्यासाठी आम्ही न हाक मारता उठायचो. पापडाचं तसं नव्हतं. पापडाला शेजारणी लागत. आज आमच्याकडे, उद्या जोशीकाकूंकडे, परवा खालच्या मजल्यावर, अशा पाळ्या ठरायच्या, आणि उडदाच्या लाट्या तेलात बुडवून खाता खाता इमारतीतल्या सगळ्या भानगडी पोरांच्या कानावर पडायच्या.

कोकणातल्या घरांत याला आगोटीची तयारी म्हणत. तिथे घाई जास्त, कारण मिरगाचा पाऊस एकदा लागला की बाजारही गाठता येत नाही. सोडे, सुकट, बोंबील कडकडीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात जायचे. कोकमाची सालं त्यांच्याच रसात मीठ घालून पुन्हा पुन्हा बुडवायची आणि वाळवायची, तेव्हा कुठे काळीभोर आमसुलं व्हायची. आटवलेला आमरस, फणसपोळी, आंबापोळी ही शेवटची कामं. आभाळ भरून आलं की आंबापोळीची ताटं घेऊन धावणारं घर आमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलंय.

या सगळ्या साठ्याचा नकाशा एका बाईच्या डोक्यात असायचा. चिंचेचे मीठ लावलेले गोळे कुठल्या बरणीत, गेल्या वर्षीचा आंबेमोहर कुठल्या डब्यात, बटाटे कुठल्या कॉटखाली पसरलेत, हे तिला अंधारात सांगता येई. चिठ्ठी कशालाच नव्हती, आणि मला वाटतं तिची गरजही नव्हती. माळ्यावरची वस्तू जुनी झाली की तिचा मान वाढायचा. जुना तांदूळ मोकळा शिजतो म्हणून पाहुण्यांसाठी, आजाऱ्याच्या पेजेसाठी राखलेला. उपासाचं लिंबाचं लोणचं तीन वर्षांचं, काळं पडलेलं. तापात तोंडाला चव नसली की त्याची एक फोड. जुन्या चिंचेची तर आमटीला वेगळीच गोडी.

मग फ्रीज आला. बहुतेक घरांत एकशेपासष्ट लिटरचा, एका दाराचा, कुलूप-किल्ली असलेला, आणि स्वयंपाकघरात न ठेवता बाहेरच्या खोलीत मांडलेला. वरचा बर्फाचा कप्पा चपलेच्या खोक्याएवढा. त्यात बर्फाचे दोन ट्रे आणि उन्हाळ्यात दुधाची कुल्फी, एवढाच त्याचा संसार. शेजारी पाहुणे आले की वाटी घेऊन बर्फ मागायला यायचे. कप्प्याभोवती बर्फाची भिंत चढली की मधलं बटण दाबून रात्रभर तो वितळवायचा आणि सकाळी ट्रेमधलं पाणी सांडत मोरीपर्यंत न्यायचं. सुरीने खरवडू नका, आत गॅसची नळी असते, असं बजावूनही कुणीतरी खरवडायचंच.

त्या खोक्यात साठवणीची पहिली वस्तू शिरली ती मटार. पुरंदरकडचा मटार हिवाळ्यात पुण्याच्या मंडईत स्वस्त झाला की पोत्याने आणायचा आणि टीव्हीसमोर सगळ्यांनी सोलायचा. दाणे उकळत्या पाण्यात दोनेक मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग फडक्यावर कोरडे. त्या दोन मिनिटांना महत्त्व आहे. गोठवल्याने दाण्यातली रासायनिक घडामोड मंदावते, पण थांबत नाही. उकळत्या पाण्याने ती मोडली नाही तर दाणे गोठूनही हळूहळू पिवळट आणि कडसर होतात. दाणे कोरडे नसले तर पिशवीत एकच ढेकूळ. ओल्या नारळाच्या चवाचंही तेच, म्हणून तो आधी ताटात पसरून गोठवायचा आणि मग डब्यात भरायचा.

दोन दारांचे फ्रीज आले आणि खरी पंचाईत झाली. जागा वाढली तसे आमरसाचे डबे, वाटलेलं आलं-लसूण, तळलेला कांदा, पुरण, सोललेले पावटे, सगळं आत गेलं. आणि आत सगळंच पांढरं! माळ्यावर डोळे मिटून वस्तू काढणाऱ्या आया इथे आइस्क्रीमच्या डब्यात मटार आणि मटारच्या पिशवीत कोथिंबीर शोधू लागल्या. उणे अठरा अंशांत वस्तू टिकते, पण पिकत नाही, मुरत नाही. दीड वर्षाच्या आमरसाला कुणी मान देत नाही. वास घेऊन बघतात. तेव्हा कुठे आमच्या घरांत चिकटपट्ट्या आणि तारखा आल्या. यादी कालनिर्णयच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी. पिशव्या आधी ताटात आडव्या गोठवून मग फळीवरच्या पुस्तकांसारख्या उभ्या लावायच्या, नवं मागे, जुनं पुढे. मासळी तळाशी, म्हणजे गळाली तरी खवलेल्या नारळावर नको. भारनियमनाच्या दिवसांत आणखी एक कळलं: ठासून भरलेला फ्रीजर दार उघडलं नाही तर बराच वेळ थंडी धरून ठेवतो, अर्धा रिकामा असला की लवकर सोडतो. वीज गेली की दारावर हात ठेवणाऱ्या पोराला ओरडा बसायचा.

आता न्यू जर्सीतल्या लेकींच्या तळघरात आडवे फ्रीजर आहेत आणि त्यात खवलेला नारळ दुकानातून गोठूनच येतो. सुट्टीत आलेल्या आया तिथेही पहिल्या आठवड्यात सगळं बाहेर काढून पुन्हा लावतात. पुरणपोळी गोठवावी की नाही, यावर मात्र दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो, मध्ये बटर पेपर घालून ठेवल्या की तव्यावर ताज्यासारख्या होतात. दुसऱ्या पक्षात मी आहे. पुरण खुशाल गोठवा, पण पोळी त्याच दिवशी लाटा, आणि उरलीच तर दुसऱ्या दिवशी दुधात कुस्करून संपवा.