कडब्याचा नरकासुर

३१ ऑक्टोबरला हॅलोविन म्हणून हल्ली मुले भुताचे मुखवटे घालतात. आम्हा गोंयकारांना त्याचे काय नवल? नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री आपल्याकडे वाड्यावाड्यावर नरकासुर उभा राहतो आणि पहाटे जळतो.

एका दिवाळीला मात्र आम्ही जुन्या हुबळीला ताईकडे होतो. त्या बाजूला पाडव्याला दारात शेणाचे पांडव मांडतात. ताईच्या गल्लीत नरकासुर कुणी केला नव्हता. माझ्या मुलांचे तोंड एवढेसे झाले. भाचा सहा वर्षांचा. आजोबा गेल्यापासून अंधाराला भिणारा, रात्री परसात पाऊल टाकत नसे.

भावजींनी ज्वारीचा कडबा आणला, मी जुनी वर्तमानपत्रे चिकटवली. तोंड रंगवायचे काम भाच्याकडे. डोळे लालभडक, जीभ हातभर! जेमतेम कमरेएवढा झाला, पण रात्री खिडकीतून बघून तोच घाबरला.

"मामा, हा सकाळी नक्की जळणार ना?"

"तूच जाळायचास."

पहाटे माझा हात धरून त्याने काडी लावली. मग अभ्यंगस्नान, गोव्याहून नेलेले कारीट अंगठ्याखाली फोडणे, गूळखोबऱ्याचे पोहे. त्या रात्री तो परसात निघाला. दारापर्यंत मी सोबत होतो. पुढे "तू नको" म्हणाला.

आपल्याकडचे नरकासुर आता घराएवढे झालेत. बक्षिसे, कानठळ्या बसवणारी गाणी... मुले नुसती बघत राहतात. यंदा अंगणात एक छोटासा करून बघा. पेंढा, वर्तमानपत्रे, खळ एवढे पुरे. तोंड तेवढे मुलांना रंगवू द्या, आणि पाण्याची बादली जवळ ठेवा.